ऑनलाइन अहवाल आणि वर्गातले मूल

आमच्या घरी प्रगतिपत्रक आले की आई ते पदराने पुसून ट्रंकेत ठेवीत असे. ते वाचले मात्र जात नसे, कारण वाचणारे घरात कोणी नव्हते. वडील कळमन्याच्या बाजारात हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. पालकसभेला आई गेली म्हणजे तिचा प्रश्न एकच असे, "मॅडम, माही पोरगी वाचून राहिली का?" मॅडम म्हणत, "ब-एक श्रेणी आहे, चांगली आहे." आई समाधानाने परत येई. तिने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते, हे मला फार उशिरा समजले.

आज प्रगतिपत्रकाच्या जोडीला एक नवीन गोष्ट आली आहे. शाळेतील चाचण्यांचे गुण संगणकावर किंवा मोबाइलवर भरले जातात आणि त्यांचे अहवाल तालुका, जिल्हा व राज्य पातळीवर क्षणात पाहता येतात. हे अहवाल काय सांगतात, काय सांगत नाहीत, आणि आईच्या त्या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळू शकते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्या महाविद्यालयातील कितीतरी विद्यार्थी पुढे शिक्षक होणार आहेत. तेव्हा हा विषय आपल्यापासून दूरचा नाही.

कागदापासून पडद्यापर्यंत

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार मुलाचे मूल्यमापन केवळ वार्षिक परीक्षेने न करता वर्षभर व सर्व अंगांनी करावे असे ठरले. महाराष्ट्राने त्याच वर्षी 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' पद्धती स्वीकारली. तिचे दोन भाग आहेत. वर्गात रोजच्या रोज होणारे ते आकारिक मूल्यमापन, आणि सत्राच्या शेवटी होणारे ते संकलित मूल्यमापन. गुणांच्या जागी अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी आल्या आणि शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करावी असाही नियम झाला.

पुढे २०१५ साली दोन गोष्टी बरोबरच घडल्या. जून महिन्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम जाहीर झाला आणि त्याखाली राज्यभर भाषा व गणित या विषयांच्या पायाभूत व संकलित चाचण्या सुरू झाल्या. त्याच वर्षी 'सरल' ही संगणकीय प्रणाली आली व विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन नोंदवली जाऊ लागली. अलीकडे 'स्टार्स' या केंद्र-पुरस्कृत प्रकल्पांतर्गत २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या घेतल्या जाऊ लागल्या, आणि शिक्षक त्यांचे गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटद्वारे मोबाइलवरून भरू लागले. अशा केंद्राचा आरंभ गुजरातमध्ये गांधीनगर येथे झाला होता.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे शाळेचा यू-डायस क्रमांक. तो अकरा अंकी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, नंतर तालुका, गाव व शेवटी शाळा. महाराष्ट्राचा अंक २७ आणि नागपूर जिल्ह्याचा ०९, म्हणून आपल्या जिल्ह्यातील शाळांचे क्रमांक २७०९ ने सुरू होतात. या क्रमांकामुळेच एखाद्या लहानशा शाळेतील गुण जिल्ह्याच्या व राज्याच्या बेरजेत आपोआप जाऊन बसतात.

या पद्धतीचे लाभ नाकारून चालणार नाही. पूर्वी शाळांची माहिती कागदी तक्त्यांतून केंद्रप्रमुखाकडे, तेथून पंचायत समितीत, तेथून जिल्हा परिषदेत जाई. तोवर वर्ष उलटून मूल पुढच्या वर्गात गेलेले असे. आता कोणत्या तालुक्यात गणित कच्चे आहे, कोठे चाचणीला मुले गैरहजर राहिली, हे त्याच सत्रात कळू शकते. मदत कोठे पाठवावी हे ठरविण्यास असा अहवाल फार उपयोगी आहे. प्रश्न आहे तो याच्या पुढचा.

सरासरीचे पांघरूण

समजा, एका वर्गात पाचच मुले आहेत. (उदाहरण काल्पनिक आहे, सोयीसाठी घेतले आहे.) चाळीस गुणांच्या पहिल्या चाचणीत त्यांना ३८, ३६, २०, ८ आणि ८ गुण मिळाले. बेरीज ११०, सरासरी २२, म्हणजे ५५ टक्के. दुसऱ्या चाचणीत गुण आले ४०, ४०, २४, ८ आणि ८. बेरीज १२०, सरासरी २४, म्हणजे ६० टक्के. पडद्यावरचा स्तंभ पाच टक्क्यांनी उंच झाला. वर्ग प्रगती करीत आहे असे अहवाल म्हणेल, आणि ते खोटेही नाही. परंतु शेवटची दोन मुले होती तेथेच आहेत. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, तीच सरासरीच्या पांघरुणाखाली झाकली गेली.

आता या दोघांकडे पाहू. दोघांनाही आठच गुण आहेत, म्हणजे अहवालाच्या दृष्टीने दोघे सारखे. प्रत्यक्षात एकाला हातच्याची वजाबाकी येत नाही. दुसऱ्याला वजाबाकी उत्तम येते, पण शाब्दिक उदाहरण वाचताच येत नाही, म्हणून तो ते सोडून देतो. पहिल्याला काड्यांचे जुडगे हवेत, दुसऱ्याला वाचनाचा सराव हवा. औषध वेगळे, पण चिठ्ठीवर रोगाचे नाव नाही. केवळ ताप किती हेच लिहिले आहे. शिक्षणशास्त्रात यालाच निदानात्मक चाचणी व उपचारात्मक अध्यापन असे म्हणतात. एकूण गुणांचा अहवाल निदान करू शकत नाही. त्यासाठी कोणता प्रश्न चुकला आणि कसा चुकला हे पाहावे लागते.

माझाच अनुभव सांगते. २०१५-१६ मध्ये मी चौथीत होते आणि त्या नवीन चाचण्यांना आम्हीही बसलो. आमच्या शाळेत गणिताच्या पेपरला काही उत्तरे फळ्यावर लिहून दिली गेली. आम्ही ती आनंदाने उतरवली. माझ्या प्रगतिपत्रकात 'गणितात रस घेते' अशी नोंद झाली. पाचवीत शाळा बदलली. तेथल्या सरांनी पहिल्याच आठवड्यात पाटीवर ५२ वजा २७ दिले. मी उत्तर लिहिले ३५. सरांनी चूक असा शेरा मारला नाही. त्यांनी विचारले, "हे तू कसं केलं, सांग बरं." मी सांगितले, पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. मोठ्यातून लहान वजा करायचे एवढेच मला ठाऊक होते. सरांनी काड्यापेटीच्या काड्या आणल्या, दहा-दहाचे पाच जुडगे बांधले, दोन सुट्या ठेवल्या आणि म्हणाले, "आता यातून सत्तावीस दे मला." सुट्या काड्या दोनच, सात कशा द्यायच्या? एक जुडगा सोडावा लागला. त्या क्षणी हातचा म्हणजे काय ते मला उमगले. बाकी राहिल्या पंचवीस. एका चुकीच्या उत्तराने सरांना जे सांगितले, ते माझ्या ब-१ श्रेणीने कोणालाच सांगितले नव्हते.

फळ्यावर उत्तरे का लिहिली गेली?

त्या शाळेतील शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण त्यामागचे कारण जुने आहे व ते समजून घेतले पाहिजे.

इंग्लंडमध्ये १८६२ साली असा नियम झाला की शाळेचे अनुदान मुलांची हजेरी आणि तपासनिसाने घेतलेल्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेचा निकाल यांवर ठरावे. परिणाम असा झाला की अनेक शाळांत तेवढेच घोकून घेतले जाऊ लागले. ही पद्धत तेथे १८९० च्या दशकात मोडीत निघाली. निकालावर पैसे देण्याची ही कल्पना हिंदुस्थानातही आली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात या पद्धतीवर स्पष्ट मत आहे. ज्या समाजात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तेथे निकालावर मोबदला देण्याची पद्धत शिक्षणप्रसाराला उपयोगी पडणार नाही आणि अशा अटीवर त्या लोकांत शाळा काढायला कोणी शिक्षक धजणार नाही, असा त्यांचा आशय होता. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही विचार करायला लावणारे आहे. ज्या मुलांना शिकवणे सर्वांत कठीण, त्यांच्या शिक्षकाचा आकडा सर्वांत खाली दिसणार हे उघडच आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात हाच अनुभव नियमाच्या रूपात मांडला. एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय अवलंबून ठेवावे, तितका तो आकडा बिघडविण्याचा मोह वाढतो, आणि ज्या गोष्टीचे मापन करायचे तीच बिघडू लागते, असा त्या नियमाचा सारांश आहे. शाळा 'प्रगत' ठरते की नाही हे आकड्याने ठरू लागले, बैठकीत ज्याचा स्तंभ खाली त्याला उभे करून विचारले जाऊ लागले, की फळ्यावर उत्तरे उमटणारच. शिक्षकाला भीती असते ती पडद्याची. मुलाची चूक त्याला मग उपयोगी माहिती वाटत नाही, स्वतःविरुद्धचा पुरावा वाटू लागते. आणि जी चूक लपली ती सुधारायची कशी?

एका पानाची दुसरी रीत

याउलट एक पद्धत येथे नोंदवावीशी वाटते. मुंबईत आरंभ झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते. ती ग्रामीण भागात व घरोघरी होते. म्हणून नागपूर शहर तिच्यात येत नाही, जिल्ह्यातील गावे येतात. स्वयंसेवक मुलाजवळ बसतो आणि त्याच्यापुढे एक साधा कागद ठेवतो. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा व दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. गणितात अंक-ओळख, हातच्याची वजाबाकी व भागाकार. मूल कोणत्या पायरीवर आहे एवढेच नोंदवायचे. २०२४ च्या पाहणीत ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतील सुमारे साडेसहा लाख मुलांपर्यंत स्वयंसेवक पोहोचले. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले देशभरात २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, ती २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. सुधारणा आनंदाची आहे, तरी शंभरातील शहात्तरांहून अधिक मुले अजून मागेच आहेत हे विसरता येत नाही.

या पाहणीलाही मर्यादा आहेत. ती नमुना-पाहणी आहे, तिने एखाद्या विशिष्ट मुलाचा माग ठेवता येत नाही. परंतु तिचे उत्तर माझ्या आईलाही समजेल असे असते. 'तुमची मुलगी शब्द वाचते, उतारा अजून वाचत नाही.' यात श्रेणी नाही, टक्केवारी नाही, आणि कोणाला शिक्षा होईल अशी भीतीही नाही.

मग करावे काय?

अहवाल बंद करावेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. ते वर जातात तसे खालीही आले पाहिजेत, एवढेच म्हणणे आहे. अल्प अनुभवाच्या आधारे तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, अहवाल शिक्षकाला प्रश्ननिहाय मिळावा. वर्गातील किती मुलांचा सातवा प्रश्न चुकला आणि ती मुले कोणती, हे चाचणीनंतर आठवडाभरात हाती आले तर सोमवारचा तास कसा घ्यावा हे ठरविता येते. दुसरी, मुलाला मदत करण्यासाठी घेतलेली चाचणी आणि शाळेची पारख करण्यासाठी घेतलेली चाचणी या दोन वेगळ्या असाव्यात. जिच्यावर शिक्षकाची प्रतिष्ठा टांगलेली नाही, तिच्यातच मूल मोकळेपणाने चुकू शकते. तिसरी, पालकाला जे सांगायचे ते वाक्यात सांगावे आणि तोंडी सांगावे. ज्या घरात वाचणारे कोणी नाही, तेथे श्रेणी पाठविणे म्हणजे बंद पाकीट पाठविण्यासारखेच आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी वस्तीतील दोन लहान मुलांना शिकवू लागले. दोघांचीही प्रगतिपत्रके मी पाहिली, मग बाजूला ठेवली आणि प्रत्येकाला पाटीवर ५२ वजा २७ दिले. एकाने लिहिले २५. दुसऱ्याने लिहिले ३५. त्या उत्तराकडे पाहून मला रडू आले आणि हसूही आले. मी काड्यांची पेटी आणायला उठले.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या शिक्षक होऊन त्या पडद्यावर गुण भरतील. भरताना चौकटीत आठ लिहावे लागले तर अवश्य आठच लिहा. पण त्या आठाखाली कोणते मूल बसले आहे आणि ते कोठे अडले आहे, हे स्वतःच्या वहीत जरूर लिहून ठेवा. कोणीतरी आई दारात उभी राहून विचारील, "माही पोरगी वाचून राहिली का?" तेव्हा तिला श्रेणी न सांगता उत्तर देता आले पाहिजे.