भरतीचा गाळ आणि जमिनीचा कागद

समुद्रकांठच्या जमिनीस बांध घालून खारें पाणी बाहेर ठेवावें, ही रीत कोंकणांतील शेतकऱ्यांस नवी नाहीं. परंतु बांधामुळेंच शेत बुडतें आणि तो कापल्यानें वर येतें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. बांगलादेशाच्या नैर्ऋत्येस, खुलना व जेसोर या भागांत, तसें घडलें आहे.

तेथील सखल पाणथळ जमिनीस 'बील' म्हणतात. पूर्वीं भरतीचें गढूळ पाणी बिलांत पसरे, गाळ तेथें बसे, आणि ओहोटीचें पाणी परततांना नदीचें पात्र घासून नेई. १९६० नंतर पूर्व पाकिस्तान सरकारनें नद्यांच्या कडेनें मोठे बांध घातले. कांहीं वर्षें पिकें चांगलीं आलीं. पण गाळास बिलांत शिरावयास वाट न उरल्यामुळें तो नदीच्या तळाशींच सांचला. नदी वर चढली, बील खालीं राहिलें, व पावसाचें पाणी बाहेर जाईना.

अखेर १९९० सालीं डाकातिया बिलाचा बांध लोकांनींच कापला. १९९७ सालीं हरी नदीकांठच्या भायना बिलांतही तेंच झालें. दिवसांतून दोनदां भरती गाळ आणूं लागली. सुमारें चार वर्षांत कापाजवळची जमीन दोन हातांहून अधिक उंचावली. नदीही खोल झाली. उघाड्या बांधण्याची योजना आंखणाऱ्या इंजिनियरांनीं पुढें ही रीत मान्य केली.

गाळ मात्र सर्वांस सारखा मिळत नाहीं. मुखाशीं ढीग, तर दूरच्या टोंकास थोडकाच थर. शिवाय तितकीं वर्षें शेतांत पीक नाहीं. तोंवर घरांत काय शिजवावें? पूर्व खुकसिया बिलांत २००६ पासून हें काम चाललें, मोबदलाही ठरला. पण मालकीचे कागद पुरे न पडल्यानें पुष्कळांच्या हातीं कांहीं आलें नाहीं. आमचा जन्म फेरफाराच्या वह्यांत गेला, त्यामुळें याचें आम्हांस नवल वाटलें नाहीं. आज्याच्या नांवची जमीन, न झालेली वाटणी, नोंद नसलेलें कूळ, असल्या खातेदारास कचेरी पैसे कसे देणार? २०१२ सालीं कपालिया बिलाच्या लोकांनीं या कामास कडवा विरोध केला व तें थांबलें. त्यांस अडाणी म्हणणारे आहेत. आम्ही म्हणणार नाहीं.

कोंकणच्या आंखूड नद्या गंगेइतका गाळ आणीत नाहींत. तेव्हां हा लेख वाचून कोणीं खाजणाचा बांध कापूं नये. मात्र ज्यांच्या सामाईक खाजणावर अद्याप मयताचेंच नांव आहे, त्यांनीं याच महिन्यांत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यावी.