आधी हक्क, मग मदत

सातव्या-आठव्या महिन्यात पोटात दुखायला लागलं की घरातल्या मोठ्या बायका सांगतात, ‘पडून राहा, थांबेल.’ तसं सांगू नका. ३७ आठवड्यांच्या आत कळा आल्या, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, तर तडक दवाखाना गाठा. ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती होईलसं दिसलं तर डॉक्टर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. बाळाची फुप्फुसं पक्की व्हायला त्यांची मदत होते, पण त्यासाठी प्रसूतीआधी थोडा वेळ हाताशी लागतो. आमच्या शीळफाट्याला तो वेळ रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत जातो. म्हणून प्रसूतीसाठी नाव घालतानाच विचारा: इथे एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, आहे का? नसेल तर बाळाला कुठे पाठवता? शक्य असेल तर बाळ पोटात असतानाच आईला तिथे हलवा.

माझ्या भाचीचं बाळ दीड किलोचंही नव्हतं. नर्सिंग होममध्ये इन्क्युबेटरची, म्हणजे बाळाच्या पेटीची, सोय नव्हती, म्हणून रात्रीच दुसरीकडे न्यावं लागलं. तिथे पहिला प्रश्न आला अनामतीचा. ताईने पाटल्या गहाण टाकल्या. भिशीतल्या बायकांनी त्या महिन्याची भिशी, आमचा नंबर नसताना, आम्हाला उचलून दिली. सगळं संपत आल्यावर एका समाजसेविकेने सांगितलं, ‘अहो मावशी, हे धर्मादाय रुग्णालय आहे. तुम्ही अर्ज का नाही केला?’

हे आधी ठाऊक हवं. महाराष्ट्रात धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने मान्य केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. त्यासाठी रुग्णालयं बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकतात. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सातव्या महिन्यातच एका पिशवीत घालून ठेवा. रुग्णालयात गेल्या गेल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत होतात. ही योजना २०११ ची आहे.

हक्काचं आधी मागा, असं मी सांगते ते मदत मागायची लाज वाटते म्हणून नव्हे. कायद्याने जे मिळणारच होतं त्यावर भिशीचे पैसे गेले. तेच पैसे कागदपत्रं नसलेल्या, परप्रांतातून बांधकामावर आलेल्या एखाद्या बाईच्या बाळाला लागले असते.

आता देणाऱ्यांसाठी. आमच्या बाळाला सगळ्यात मोलाची देणगी मिळाली ती दुधाची, आणि देणारी आई आम्ही कधी पाहिली नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली. तिथे आयांची तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून गोठवून ठेवतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पावडरीच्या दुधाने आतड्यांचा जो जीवघेणा आजार होऊ शकतो, त्याचा धोका आईच्या किंवा पेढीच्या दुधाने कमी होतो. तुम्हाला दूध जास्त येत असेल तर पेढीत चौकशी करा. बाकीच्यांनी रक्त द्यावं. एवढ्याशा जिवालाही रक्त चढवावं लागतं. पैसे द्यायचे तर रुग्णालयाच्या निधीत पावती घेऊन द्या, मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोखालच्या खात्यात नको. आणि वॉर्डाबाहेर बसलेल्या बापाला डबा नेऊन द्या. त्याला काय हवंय हे कुणी विचारत नाही.

घरी सोडलं म्हणजे सुटलात असं समजू नका. बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलं असेल, तर जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत पडदा तपासणाऱ्या डॉक्टरांकडून त्याचे डोळे तपासून घ्या. पुढे महिनोन्‌महिने फेऱ्या असतात, आणि ओळखीपाळखीच्यांची मदत तोवर आटलेली असते. द्यायचंच असेल तर त्या महिन्यांत रिक्षाभाड्याचे पैसे द्या.