लावणीचे श्रम आणि शरीराचा रोजचा खर्च

चिखलणीच्या दिवसांत बैलास पेंड अधिक घालावी, हे कोणा शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. काम वाढले की चारा वाढवावा, हा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. परंतु तोच हिशेब लावणी करणाऱ्या घरच्या स्त्रियांस आपण लावतो काय? भिवंडी तालुक्यासारख्या भातपिकाच्या मुलखात या प्रश्नाचा विचार अवश्य झाला पाहिजे.

मनुष्य स्वस्थ पडला असताही हृदय, फुप्फुसे, मेंदू व यकृत यांचे काम चालूच असते. ६५ किलो वजनाच्या पुरुषाचे या मूळ व्यापारासाठीच दिवसास सुमारे १,५०० उष्मांक खर्च होतात. श्रमांचा खर्च त्यावर चढतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दर्शविलेली रोजची गरज अशी:

पुरुष (६५ किलो): बैठे काम २,११०, मध्यम श्रम २,७१०, जड श्रम ३,४७० उष्मांक.
स्त्री (५५ किलो): बैठे काम १,६६०; मध्यम श्रम २,१३०; जड श्रम २,७२० उष्मांक.

म्हणजे बैठ्या स्त्रीपेक्षा जड श्रम करणारीस १,०६० उष्मांक अधिक लागतात. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ३५० उष्मांक असतात. तेव्हा हा फरक ३०० ग्रॅम तांदळाइतका झाला. स्त्री गरोदर असेल तर आणखी ३५०, व अंगावर पाजणारी असेल तर पहिले सहा महिने आणखी ६०० उष्मांक हवेत.

आता आपली रीत पाहा. पॉवर टिलर आल्यापासून पुष्कळ ठिकाणी चिखलणीचे कष्ट हलके झाले. लावणी मात्र बहुधा अजून हातानेच होते. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावावयाची, घरी येऊन चूल पेटवावयाची, आणि सर्वांचे झाल्यावर उरेल ते खावयाचे! त्यातच आषाढात कणगी तळास गेलेली असते. खर्च सर्वांत मोठा, तेव्हाच जमा सर्वांत थोडी. ही तूट शरीर प्रथम साठविलेल्या चरबीतून भरते. पुढे स्नायूही झिजू लागतात.

याचा परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोचतो. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयाने १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. ज्यांच्यावर घरकाम व शेतकाम यांचा भार अधिक होता, त्यांच्या बालकांचे जन्मवजन सरासरीने कमी आढळले.

उलट, गुदामाच्या कचेरीत खुर्चीवर बसणारा मुलगा नांगरधऱ्या बापाइतकाच भात जेवेल, तर शिल्लक चरबी होऊन साठेल. त्याने भात कमी करावा व रोज पायी चालावे.

उपाय खर्चाचे नाहीत. लावणीस जाण्यापूर्वी कोऱ्या चहावर न भागविता नाचणीची भाकरी खावी. दुपारच्या शिदोरीत भाताबरोबर डाळ, सुकट किंवा शेंगदाणे असावेत. तेलात व शेंगदाण्यांत थोडक्या वजनात पुष्कळ उष्मांक असतात. भात विकताना लावणीच्या महिन्याचा शिधा प्रथम बाजूस काढावा. गरोदर स्त्रीस वाकण्याच्या व ओझ्याच्या कामातून मोकळीक द्यावी. आणि चिखलात राबून आलेलीचे ताट शेवटी नव्हे, बरोबरीने वाढावे. बैलास आपण जो न्याय देतो, तो तिला नाकारू नये.