जुन्या मोटारीच्या वायरिंगची फेररचना : फ्युएल इंजेक्शनकडून कार्बोरेटरकडे

मोटारीचे इंजिन पेट्रोलवर चालते हे सर्वांस ठाऊक असते. परंतु ते पेट्रोल हवेत योग्य प्रमाणात मिसळण्याचे काम कसे होते, याकडे गाडी बंद पडेपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हे काम दोन पद्धतींनी होते. कार्बोरेटरमध्ये हवेच्या झोताबरोबर पेट्रोल आपोआप ओढले जाते. फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोल दाबाखाली ठेवलेले असून विजेच्या आज्ञेने उघडणाऱ्या इंजेक्टरमधून ते फवारले जाते. पहिल्या पद्धतीस वीज फारच थोडी लागते; दुसरीचा सारा कारभार विजेवर अवलंबून असतो. म्हणूनच इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसविताना सुटे भाग बदलणे हा कामाचा सोपा भाग होय. अवघड भाग वायरिंगचा असतो, आणि त्यातील चुकीने गाडीस आग लागू शकते.

पार्श्वभूमी

असा बदल आजचा नाही. अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत क्रायस्लर कंपनीने १९५८ च्या मोजक्याच गाड्यांवर बसविली होती. ती भरवशाची न ठरल्याने त्यांपैकी बहुतेक गाड्यांवर पुढे कार्बोरेटर चढवावे लागले. या पद्धतीचे पेटंट-हक्क जर्मनीच्या बॉश कंपनीकडे आले. बॉशने १९६७ मध्ये ‘डी-जेट्रॉनिक’ ही सुधारित पद्धत सिद्ध केली व फोक्सवॅगनने अमेरिकेत विकावयाच्या १९६८ च्या ‘१६००’ गाडीत ती वापरली. ‘डी’ हे अक्षर दाब या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर होय. इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या नळीतील दाब मोजून ही पद्धत पेट्रोलचे प्रमाण ठरवीत असे. कालांतराने तिचे सुटे भाग दुर्मीळ व महाग झाले आणि अनेक मालक त्याच गाडीच्या जुळ्या सोलेक्स कार्बोरेटरकडे वळले. विवेचनासाठी हीच गाडी समोर ठेवू.

वायरींचे तीन गट

डी-जेट्रॉनिकची नियंत्रक पेटी पंचवीस पिनांच्या कनेक्टरने गाडीशी जोडलेली असते. चार इंजेक्टर, दाबमापक, तापमापक, थ्रॉटलचा स्विच, डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या भागातील ट्रिगर-संपर्क, मुख्य रिले आणि पंपाचा रिले यांच्या वायरी तेथे एकत्र येतात. काम हाती घेण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू सोडवावी आणि प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधून तिचा गट ठरवावा.

पहिला गट जसाच्या तसा ठेवावयाचा : कॉइल, डिस्ट्रिब्युटरचे मुख्य पॉइंट, स्टार्टर, चार्जिंग व ऑइलचा दिवा यांच्या वायरी. दुसरा गट निवृत्त करावयाचा : इंजेक्टर, मापके, थ्रॉटल-स्विच व ट्रिगर यांच्या वायरी. तिसरा गट नव्याने जोडावयाचा : पेट्रोल-पंप आणि कार्बोरेटरवरील विजेचे भाग.

दुसऱ्या गटातील वायरी कापू नयेत. रिलेचा पुरवठा काढून त्या निर्जीव कराव्यात, टोके झाकावीत आणि जुडगा शक्यतो अखंड बाहेर काढून नियंत्रक पेटीसह जपून ठेवावा. उघडे राहिलेले जिवंत टोक बॉडीला लागले तर शॉर्टसर्किट होते. शिवाय मूळ रचना परत बसविण्याचा मार्ग मोकळा ठेवणे का आवश्यक आहे, ते पुढे दिसेल.

पंप : खरा धोका येथेच

इंजेक्शनचा पंप सुमारे २ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने पेट्रोल देतो. कार्बोरेटरला सुमारे ०.२ ते ०.३ किलो दाब पुरतो. जुना पंप तसाच ठेवल्यास फ्लोटची सुई तो दाब रोखू शकत नाही आणि पेट्रोल ओसंडून तापलेल्या इंजिनावर सांडते. म्हणून कमी दाबाचा पंप बसविणे अनिवार्य आहे. टाकीकडे पेट्रोल परत नेणारी नळी वापरात राहणार नसेल, तर तिचे तोंडही पक्के बंद करावे.

दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. डी-जेट्रॉनिकमध्ये किल्ली फिरविताच पंप क्षणभर चालतो व थांबतो. इंजिन फिरू लागले तरच पुन्हा सुरू होतो. ही सुरक्षा नियंत्रक पेटीच सांभाळीत असते. पेटी काढली की सुरक्षाही जाते. अनेकजण पंपाची वायर सरळ किल्लीच्या स्विचला जोडतात. गाडी चालते, तक्रार नसते. परंतु अपघातात इंजिन बंद पडले, नळी तुटली आणि चालक बेशुद्ध झाला, तर किल्ली चालूच राहते आणि पंप रस्त्यावर पेट्रोल ओतीत राहतो.

यावर उपाय रिले व तीन टोकांच्या ऑइल-दाब स्विचचा. बॅटरीपासून, जवळच फ्यूज घालून, वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकास आणावी. ८७ वरून पंपाकडे न्यावी. ८५ बॉडीला अर्थ करावे. ८६ ला स्विचचे समाईक टोक जोडावे. ऑइलचा दाब नसताना हे टोक स्टार्टरच्या वायरीशी जुळलेले असते. म्हणून स्टार्टर फिरत असताना पंप चालतो. दाब आला की ते किल्लीच्या वायरीशी जुळते. इंजिन थांबले की दाब उतरतो, रिले सुटतो व किल्ली चालू असूनही पंप बंद होतो.

कार्बोरेटरची वीज व वायरची जाडी

सोलेक्सच्या प्रत्येक कार्बोरेटरवर विजेचा चोक आणि आयडल-जेटचा सोलेनॉइड असतो. दोहोंना किल्ली चालू असतानाच पुरवठा हवा. तो कॉइलच्या १५ क्रमांकाच्या टोकावरून घेतात. १ क्रमांकाचे टोक पॉइंटकडे जाते. तेथे हे भाग जोडल्यास ठिणगीच बिघडते.

वायर किती जाड असावी, हे हिशेबाने ठरवावे. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०११५ ओहम असतो. पाच मीटर लांबीतून पाच ॲम्पिअर प्रवाह गेला, तर सुमारे ०.३ व्होल्ट घट होते. अर्धा चौरस मिलिमीटर वायरीत हीच घट सुमारे ०.८६ व्होल्ट भरते, आणि वायर तापते ती वेगळीच. माध्यमिक शाळेत शिकविला जाणारा ओहमचा नियम येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो.

काम पूर्ण झाल्यावर चाचणी अशी घ्यावी : किल्ली चालू, इंजिन बंद—पंप गप्प असला पाहिजे. स्टार्टर फिरविताच तो बोलला पाहिजे. इंजिन बंद पडताच, किल्ली तशीच चालू असली तरी, तो थांबला पाहिजे. तिन्ही गोष्टी जमल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणू नये.

कायद्याची बाजू

आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये आलेल्या ‘व्हिंटेज’ नोंदणीच्या नियमांतही वाहन मूळ स्वरूपात असावे, इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. म्हणून महाराष्ट्रातील वाहनधारकाने पाना हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. जपून ठेवलेला वायरींचा जुडगा त्या वेळी उपयोगी पडतो.

तंत्रशिक्षण देणाऱ्या शिक्षकांस या उदाहरणाचे मोल विशेष आहे. यंत्रातला एखादा भाग काढताना तो दिसणारे काम काय करतो हे सर्वजण पाहतात. न दिसणारी राखण कोणती करीत होता, हे पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे हाच या पाठाचा उद्देश होय.