पॅरिश कुणाचे?

‘पॅरिश’ हा शब्द आपण दर रविवारी किती वेळा उच्चारतो, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. पॅरिश कौन्सिल, पॅरिश ऑफिस, पॅरिश फीस्ट, पॅरिश प्रीस्ट. मराठीत आपण ‘धर्मग्राम’ म्हणतो आणि तो शब्द सुरेखही आहे. पण बोलताना आजीआजोबांपासून पहिले कम्युनियन घेणाऱ्या मुलांपर्यंत सर्वांच्या तोंडी ‘पॅरिश’च असते. हा शब्द आपल्याला इंग्रजीने दिला, इंग्रजीने तो फ्रेंचकडून घेतला, फ्रेंचने लॅटिनकडून आणि लॅटिनने ग्रीककडून. इतक्या हातांतून फिरलेल्या नाण्यावरचा छाप पुसट व्हायचाच. तो पुन्हा वाचून पाहावा असे आम्हाला वाटले, कारण त्यावर जे कोरले आहे ते आपल्या आजच्या धर्मग्रामाला थोडे अडचणीत टाकणारे आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करू. इ.स. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील विल्यमने इंग्लंड जिंकले आणि राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली. कोर्टकचेरी, स्वयंपाकघर, देऊळ, सगळीकडे फ्रेंच शब्द शिरले. त्याआधी इंग्रजांकडे पॅरिशसाठी स्वतःचा शब्द होता, त्याचा अर्थ ‘धर्मगुरूचा मुलूख’ असा होता. तो हळूहळू नाहीसा झाला आणि त्याच्या जागी फ्रेंच ‘पारवास’ या शब्दाचे जुने रूप येऊन बसले. सुमारे १३०० सालापासून तो इंग्रजी लिखाणात आढळतो.

जाता जाता एक गंमत. पॅरिशमधील माणसाला इंग्रजीत ‘पॅरिशनर’ म्हणतात. फ्रेंचकडून आलेला शब्द ‘पॅरिशन’ असाच होता आणि त्याचा अर्थच मुळी ‘पॅरिशमधला माणूस’. पण इंग्रजांच्या कानाला ते पुरेसे वाटेना, म्हणून त्यांनी पंधराव्या शतकात त्याला आणखी एक ‘अर’ जोडला. आपण नाही का ‘पिवळा पीतांबर’ म्हणत, त्यातलाच प्रकार.

आता मुळाकडे जाऊ. ग्रीक भाषेत ‘ओइकोस’ म्हणजे घर, आणि ‘पारा’ म्हणजे शेजारी, बाजूला. ‘पारोइकोस’ म्हणजे घराच्या बाजूला राहणारा. संस्कृतातला ‘वेश्म’ हा घरवाचक शब्द आणि ग्रीक ‘ओइकोस’ हे एकाच कुळातले आहेत. शेजाऱ्याला संस्कृतात ‘प्रतिवेशी’ म्हणतात, त्याची घडण या ग्रीक शब्दासारखीच आहे. मात्र ग्रीक शहरांच्या व्यवहारात ‘पारोइकोस’ला एक निश्चित दर्जा होता, आणि तो काही मानाचा नव्हता. बाहेरून येऊन शहरात राहिलेला, तिथे काम करणारा, पण त्या शहराचा नागरिक नसलेला माणूस म्हणजे पारोइकोस. गावच्या सभेत त्याला आवाज नाही. मराठीत त्याला आपण काय म्हणू? बिऱ्हाडकरू. आणि थोडे कडवट बोलायचे तर, उपरा. लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले, तेव्हा या तीन अक्षरांत किती दुःख मावते ते मराठी वाचकाला कळले.

या उपऱ्याच्या राहण्याला ग्रीकमध्ये ‘पारोइकिया’ म्हणतात. हाच शब्द पुढे पॅरिश झाला.

पवित्र शास्त्रात हा शब्द कुठे कुठे येतो ते पाहिले की मन थबकते. ख्रिस्तपूर्व काळात यहुदी विद्वानांनी जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर केले, ते आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचे शास्त्र होते. त्यात अब्राहामाच्या तोंडी हा शब्द आहे. सारा मरण पावली आहे, तिचा देह समोर आहे आणि तिला पुरायला अब्राहामाकडे हातभर जमीन नाही. ज्या देशाचे वचन देवाने त्याला दिले, त्याच देशात तो हित्ती लोकांसमोर उभा राहतो आणि मी तुमच्यात उपरा आहे, मला कबरेपुरती जागा द्या, अशी विनवणी करतो (उत्पत्ती २३). शेवटी चारशे शेकेल चांदी मोजून त्याला ती जागा मिळते. मिसर देशातून पळालेला मोशे मिद्यानात संसार मांडतो, मुलगा होतो आणि त्याचे नाव तो गेर्षोम ठेवतो, आपण परक्या देशात उपरे आहोत याची आठवण म्हणून (निर्गम २:२२). तिथेही ग्रीक भाषांतरात हाच शब्द. लेवीय २५:२३ मध्ये तर देव सगळ्या इस्राएलालाच बजावतो की जमीन कायमची विकू नका, ती माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे म्हणून राहात आहात. सातबाराच्या उताऱ्यावरून भावाभावांत वर्षानुवर्षे कज्जे चालतात, तेव्हा हे वचन कुणी वाचून दाखवीत नाही!

नव्या करारात संत लूकने अम्माऊसच्या वाटेवरचा प्रसंग सांगितला आहे. पुनरुत्थित प्रभू येशू त्या दोन शिष्यांसोबत चालू लागतो, आणि क्लयपा त्याला विचारतो की यरुशलेमात राहून इथे काय घडले हे ठाऊक नसलेला तूच एकटा उपरा आहेस काय (लूक २४:१८). या प्रश्नातील क्रियापद ‘पारोइकोस’च्याच घरातले आहे. म्हणजे पुनरुत्थित प्रभूला शिष्यांनी सर्वात आधी ओळखले ते गावात नवखा आलेला माणूस म्हणून, आणि त्याच नवख्याला त्यांनी संध्याकाळी आग्रहाने घरात घेतले. भाकर मोडली गेली ती त्यानंतर. आमच्या मते पॅरिश या शब्दावर याहून चांगले प्रवचन सापडणे कठीण.

संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती लोकांना उपरे आणि प्रवासी अशीच हाक मारतो (१ पेत्र २:११). संत पौल मात्र इफिसच्या ख्रिस्ती लोकांना उलटे सांगतो: आता तुम्ही उपरे नाही, देवाच्या घरचे आहात (इफिस २:१९). एक म्हणतो उपरे आहात, दुसरा म्हणतो नाही आहात. मग खरे काय? पेत्र बोलतो आहे ते जगासंबंधी: या जगात आपले कायमचे घर नाही. पौल बोलतो आहे ते ख्रिस्तसभेच्या आतल्या जीवनाविषयी: यहुदी असो की परराष्ट्रीय, देवाच्या घरात कुणी बिऱ्हाडकरू नाही. बाहेर सगळे उपरे, आत कुणीच नाही. ही दोन वचने एकत्र ठेवली की पॅरिशची व्याख्या तयार होते, आणि आपण नेमके त्याच्या उलट वागतो, असे कधी कधी वाटते.

पहिल्या शतकाच्या अखेरीस, साधारण इ.स. ९६ मध्ये, रोमच्या ख्रिस्तसभेच्या वतीने संत क्लेमेंटने करिंथच्या ख्रिस्तसभेला पत्र लिहिले. त्याच्या मायन्यातच रोममध्ये उपरी म्हणून राहणारी ख्रिस्तसभा करिंथमध्ये उपरी म्हणून राहणाऱ्या ख्रिस्तसभेला लिहीत आहे, अशा अर्थाचे शब्द आहेत. हळूहळू एका शहरातील अशा ख्रिस्ती समुदायालाच ‘पारोइकिया’ म्हणू लागले. सुरुवातीला हा शब्द महागुरूंच्या संपूर्ण क्षेत्रासाठी वापरला जाई. खेड्यापाड्यांत देवळे वाढली तसा तो एका धर्मगुरूच्या क्षेत्रापुरता आला.

लॅटिनमध्ये जाताना शब्दाचे रूप ‘पारोकिया’ झाले. हा बदल ‘पारोकुस’ या दुसऱ्याच एका शब्दाच्या सावलीमुळे झाला असावा, असे भाषातज्ज्ञ मानतात. रोमन साम्राज्यात सरकारी कामासाठी प्रवास करणाऱ्यांना मुक्कामाची जागा, जळण आणि मीठ पुरवणाऱ्या अधिकाऱ्याला पारोकुस म्हणत. पुढे चर्चच्या लॅटिनमध्ये पॅरिश प्रीस्टचे अधिकृत नाव हेच पडले. वाटसरूंना निवारा, लाकूड आणि मीठ देणारा माणूस! आपल्या फादरांना हे पद नक्की आवडेल.

आता या शब्दाच्या आयुष्यातील दुःखाचा भाग. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर टाकली. हेतू चांगला होता. पण पैसा पॅरिशमधील लोकांच्या करातून यायचा, म्हणून लगेच प्रश्न आला: ‘आपला’ गरीब कोण आणि ‘बाहेरचा’ कोण? १६६२ मध्ये दुसरा कायदा झाला. वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या घरात येऊन राहिलेला नवखा माणूस पुढे पॅरिशवर भार होईल असे वाटले, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ पॅरिशमध्ये हाकलून देता येऊ लागले. त्याने भीक मागितलेली असण्याची गरज नव्हती, नुसती शंका पुरे होती. अविवाहित आईचे मूल जिथे जन्मेल त्या पॅरिशचे, असा नियम होता. म्हणून दिवस भरत आलेल्या गरीब स्त्रियांना हद्दीपलीकडे नेऊन सोडण्याचे प्रकार घडले. १६९७ पासून मदत घेणाऱ्या गरिबाला खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचे अक्षर शिवावे लागे, कोणत्या पॅरिशचा भिकारी ते कळावे म्हणून. नुसत्या शंकेवरून हाकलणे १७९५ मध्ये थांबले, आणि ती अक्षरे १८१० मध्ये गेली.

ज्या शब्दाचा अर्थ ‘उपऱ्यांचा मुक्काम’, तोच शब्द उपऱ्यांना हाकलण्याचे यंत्र झाला. हे अँग्लिकन इंग्लंडात, सरकारी कायद्याने घडले, हे खरे. पण तेवढे म्हणून आपली सुटका होत नाही. एकोणिसाव्या शतकात या शब्दाच्या विशेषणाला, ‘पॅरोकियल’ला, इंग्रजीत ‘संकुचित मनाचा’ असा अर्थ चिकटला, तो काही उगीच नव्हे.

आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आले ते वेगळा शब्द घेऊन. गोव्यात कोंकणी बोलणारे आपले बांधव पॅरिशला ‘फिर्गज’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’चा अवतार. त्याचे मूळ लॅटिनमध्ये ‘चर्चचा पुत्र’ अशा अर्थाच्या शब्दांत आहे, असे सांगितले जाते. म्हणजे एका शब्दाने आपण उपरे, तर दुसऱ्याने लेकरे. मात्र पोर्तुगीजमध्ये ‘फ्रेगेस’ म्हणजे पॅरिशचा माणूस, तसाच दुकानातला नेहमीचा गिऱ्हाईकही. केवळ दाखला घेण्यापुरते पॅरिश ऑफिसात डोकावणाऱ्यांनी यावर विचार करावा.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या दारातच आहे. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत नव्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत कुणी मुंबईहून, कुणी मंगळूरहून, कुणी तमिळनाडूतून, कुणी झारखंडहून आलेली कॅथलिक कुटुंबे राहतात. रविवारी ती मागच्या बाकांवर बसतात आणि मिस्सा संपताच निघून जातात. त्यांच्याविषयी बोलताना आपण सहज म्हणतो, ‘ते बाहेरचे.’ फीस्टच्या समितीत, कौन्सिलमध्ये, वाचनाच्या यादीत तीच ती आडनावे असतात. आपले पूर्वज इथे चारशे वर्षांपासून आहेत, देवळाचे दगड त्यांनी वाहिले, हे कुणी नाकारीत नाही. पण दगड वाहिल्याने कुणी देवळाचा मालक होत नाही. आणि आपली मुले आज दुबईत, मस्कतमध्ये, कॅनडात, ऑस्ट्रेलियात दुसऱ्यांच्या मागच्या बाकांवर बसली आहेत. तिथे त्यांना कुणी नाव विचारले की नाही, याची काळजी आपण घरी फोनवर करतोच ना?

ख्रिस्तसभेचा कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मसंहितेत पॅरिशची व्याख्या जमिनीच्या तुकड्याने नव्हे, तर श्रद्धावंतांच्या समुदायाने सुरू होते (कलम ५१५). हद्द असते, पण ती कुणाला वगळण्यासाठी नाही. हद्दीतील प्रत्येकाचा धर्मगुरू कोण हे ठरावे म्हणून असते. कायम राहण्याच्या इराद्याने जो इथे राहायला आला, तो त्या दिवसापासून इथला. इरादा नसला तरी पाच वर्षे पूर्ण झाली की इथला. निदान तीन महिने राहायचे म्हणून आलेला, किंवा तीन महिने राहिलेला, यालाही हाच पॅरिश प्रीस्ट आपला धर्मगुरू म्हणून लाभतो (कलमे १०२ व १०७). आणि ज्याला कुठेच ठावठिकाणा नाही, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर आज इथे तर उद्या तिथे राहणारा, त्याचे काय? त्याच कलमात लिहिले आहे: तो या क्षणी जिथे आहे, तिथला पॅरिश प्रीस्ट त्याचा.

या कलमांत घराची मालकी, मूळ गाव, भाषा, वर्गणी यांचा उल्लेख नाही. पॅरिश ऑफिसमधील नोंदणीचाही नाही. नोंदणी केल्याने घरभेटी, दाखले, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग हे सोपे होते, म्हणून ती अवश्य करावी. भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे, मग कशाला नाव द्यायचे, असे काही कुटुंबे आम्हाला म्हणाली. अकरा महिने म्हणजे तीन महिन्यांहून आठ जास्त. शेजारच्या इमारतीत अशी कुटुंबे असतील तर विभागप्रमुखांनी त्यांना हे सांगावे, आणि शक्य तर पुढच्या रविवारी मिस्सेला सोबत घेऊन यावे.