भिगवणची पक्षीफेरी : खर्च किती, खबरदारी कोणती?

नाताळच्या सुट्टीत पक्षी पाहायला जायचं, तर पुणेकरांना उजनी धरणाचा भिगवणजवळचा फुगवटा सोयीचा. सोलापूर महामार्गाने अंतर साधारण १०५ किलोमीटर. होड्या कुंभारगाव आणि डिकसळ इथून मिळतात.

केव्हा जावं? आधी होडीवाल्याला फोन करून विचारा, 'पाणी किती उतरलंय?' रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ पाण्यातच चरतात. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी धरण डिसेंबरातही तुडुंब असतं आणि रोहित उशिरा येतात. तुम्हाला तेच पाहायचे असतील, तर बेत जानेवारी-फेब्रुवारीवर ढकला. चक्रवाक, नदीसुरय, चित्रबलाक, मोर शराटी यांवर समाधान असेल, तर डिसेंबरात खुशाल जा. सूर्योदयाला होडीत बसायचं असेल, तर पुण्याहून पहाटे साडेचारला निघा. दहानंतर ऊन चढतं, पक्षी नीट दिसत नाहीत. सकाळ जमत नसेल, तर दुपारी साडेतीननंतरची फेरी घ्या.

खर्च किती? चौघांचा हिशेब असा : स्वतःच्या गाडीचं पेट्रोल आणि पाटसचा टोल मिळून दोन हजार, होडी हजार ते दीड हजार, नाश्ता आणि मासळीचं जेवण माणशी तीन-चारशे. एकूण पाच हजारांच्या आसपास, म्हणजे माणशी साधारण सव्वा हजार. टोलनाक्यावरून चोवीस तासांत परतलात, तर दोन्ही वेळचा मिळून दीडपट टोल लागतो. फास्टॅगमधून तेवढाच कापला गेला का, ते पाहा.

पैसे कुठे वाढतात? दर होडीचा की माणशी, फेरी किती वेळाची, वेळ कुठून मोजणार, वाटाड्या आणि दुर्बीण त्यात धरली आहे का, गाडी लावायचे पैसे वेगळे का : हे सगळं फोनवरच ठरवा आणि मेसेजवर लिहून घ्या. शनिवार-रविवारी आणि ३१ डिसेंबरच्या आसपास दर चढतात. शक्य असेल तर मधला वार गाठा. जेवण आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आगाऊ रक्कम थोडीच द्या. दुर्बीण विकत घ्यायची असेल, तर ८x४२ पुरते; पहिल्याच फेरीसाठी महागडी घेऊ नका.

सोबत काय? मुक्काम करणार असाल, तर प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्ड. शिवाय सुटे पैसे, टोपी, पाणी, मळकट रंगाचे कपडे. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, लहान मुलांना त्यांच्या मापाचं. ते नसेल तर होडीत बसू नका, दर कितीही कमी असो.

लांडगा, चिंकाराही पाहायचे असतील, तर जवळच्या कडबनवाडीच्या माळावर वनविभागाची गवताळ सफारी आहे. तिचं ऑनलाइन आरक्षण आधीच करा. 'आरक्षणाशिवाय आत सोडतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

शेवटचं, पण महत्त्वाचं. उडत्या थव्याचा फोटो मिळावा म्हणून जास्त पैसे देऊन होडी पक्ष्यांवर घालायला लावू नका. कुरवांना शेव-फरसाण टाकू नका. लांबवरून आलेल्या या पक्ष्यांना इथे चरू द्या, विसावू द्या. जो होडीवाला थव्यापासून लांब थांबतो, त्याचाच नंबर जपून ठेवा आणि पुढच्या वेळीही त्यालाच बोलवा.