एकच प्लग काळा का? आऊटबोर्ड इंजिनावरून कारण शोधण्याचा धडा

शिक्षक मित्रांनो, ज्वलन आणि विद्युत शिकवताना आपण मेणबत्ती आणि बल्ब यांच्या पुढे सहसा जात नाही. किनाऱ्यावरच्या शाळांना मात्र याहून चांगलं उदाहरण दाराशीच आहे: होडीच्या मागे लावलेलं आऊटबोर्ड इंजिन. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी ते असतंच, आणि ते बिघडल्यावर कसा आवाज करतं हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्या दिवशी त्यालाच पुढे बसवावं.

मुलांना प्रकरण असं द्या. पावसाळ्याची बंदी संपून होड्या पाण्यात उतरल्या आहेत. इंजिन दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. चार-पाच वेळा दोरी ओढल्यावर चालू होतं, हळू चालवलं की थरथरतं, रेस दिली की खोकतं आणि पिकअप घेत नाही. मेकॅनिकच्या भाषेत इंजिन 'मिस मारतंय'. दोन्ही प्लग काढून पाहिले. एक छान बदामी रंगाचा आहे. दुसरा काळाकुट्ट, तेलकट, ओला.

आता विचारा, काय करायचं? "नवीन प्लग टाकायचा!" हे उत्तर पहिल्या मिनिटात येतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. नवीन प्लग टाकल्यावर इंजिन झकास चालेल, कदाचित तासभर. तो तास नेमका खाडीच्या मुखाशी संपला तर? तिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. इंजिन बंद पडलं की होडी लाटेला आडवी होते, आणि आडवी होडी उलटायला वेळ लागत नाही. म्हणून प्लग काळा आहे एवढ्यावर थांबायचं नाही. त्याला काळं कोणी केलं हे शोधायचं.

त्याआधी काळा प्लग काम का करत नाही ते समजायला हवं. प्लगच्या टोकाशी दोन धातूंमध्ये साधारण एक मिलिमीटरची फट असते (नेमकं माप इंजिनाच्या पुस्तिकेत मिळतं). कॉईल हजारो व्होल्टचा दाब देते, तेव्हा त्या फटीतून ठिणगी उडी मारते. मधल्या दांड्याभोवती चिनी मातीसारखं पांढरं वेष्टन असतं, ते विद्युतरोधक. त्यावर काजळी बसली की विजेला सोपी वाट मिळते. ती फट ओलांडायच्या ऐवजी काजळीवरून घसरत प्लगच्या धातूच्या अंगात निघून जाते. ठिणगी पडतच नाही, किंवा मरतुकडी पडते.

हे वर्गात दाखवता येतं. मऊ पेन्सिलीने कागदावर जाड, गडद रेघ ओढा आणि मल्टीमीटरच्या दोन सुया तिच्या दोन टोकांना लावा. कागदातून वीज जात नाही, पण रेघेतून जाते! कार्बनच तो. मग गॅरेजमधून आणलेला जुना काळा प्लग घ्या. एक सुई मधल्या टोकाला, दुसरी बाहेरच्या धातूला. नव्या प्लगवर मीटर काहीच दाखवत नाही, काळ्यावर बऱ्याचदा आकडा येतो. फळ्यावरच्या तीन आकृत्यांनी होणार नाही ते इथे दोन मिनिटांत होतं.

काजळी येते कुठून? मेणबत्तीच्या पिवळ्या ज्योतीवर चमचा धरला की काळा होतो, तेच इथेही. हवा कमी आणि इंधन जास्त झालं की ज्वलन अपुरं राहतं. चोक ओढलेलाच राहिला तरी हे होतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच तेल मिसळतात, ते जास्त झालं तरी प्लग तेलकट होतो. इथे गणिताच्या सरांनाही बोलवा: पन्नासास एक प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिलिलिटर. बाटलीने अंदाजे धार सोडण्याची सवय किती महागात पडते, ते पोरं स्वतःच काढतात.

आणखी एक कारण मला फार आवडतं, कारण त्यात कुणाचीच चूक नसते. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्यावरची काजळी जळून जाते. प्लग स्वतःला साफ करतो. जाळी टाकताना इंजिन तासन् तास मंद चालतं, टोक तेवढं तापतच नाही आणि काजळी साठत राहते.

आता धड्याचा गाभा. फळ्यावर ही सगळी कारणं लिहा आणि विचारा: आपल्या प्रकरणात यातलं कुठलं लागू पडतं? एखादी मुलगी हळूच म्हणेल, "सर, तेल तर दोन्ही सिलिंडरला सारखंच जातं ना?" बास, तिथेच थांबा आणि वर्गाला विचार करू द्या. टाकी एकच आहे. तेल जास्त असतं तर दोन्ही प्लग काळे झाले असते. मंद चालवण्याचंही तेच, जुन्या पेट्रोलचंही तेच. जी गोष्ट दोघांना समान आहे, तिच्यामुळे एकट्याचं बिघडणं समजत नाही. अर्धा फळा इथेच पुसला जातो. उरतं ते त्या एका सिलिंडरचं स्वतःचं: त्याचा प्लग, त्याची कॅप आणि वायर, कॉईल वेगळी असेल तर ती, कार्बोरेटर वेगळा असेल तर तो, आणि आतल्या रिंगा, म्हणजे कॉम्प्रेशन.

पुढची पायरी अदलाबदल. दोन्ही प्लग साफ करून, फट मोजून, एकाच्या जागी दुसरा बसवायचा. बाकी कशालाही हात लावायचा नाही. मग इंजिन थोडा वेळ चालवून पुन्हा काढून पाहायचे. काळेपणा प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेला, तर दोष प्लगचा. चांगला प्लग त्या जुन्या जागी येऊन काळा झाला, तर प्लग बिचारा निर्दोष, दोष त्या जागेचा. मग कॅप आणि वायर तपासायची, ठिणगी पाहायची, शेवटी कॉम्प्रेशन गेज लावायचा. दोन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एका वेळी एकच बदल. प्लग, पेट्रोल आणि कार्बोरेटरची सफाई एकाच दुपारी उरकली तर इंजिन सुधारेल, पण कशाने ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ओल्या प्लगमध्ये एक गंमत आहे. तो ओला आहे म्हणून ठिणगी पडत नाही, की ठिणगी पडत नाही म्हणून न जळलेलं इंधन त्याला ओला करतं? दोन्ही शक्य आहे. नुसतं बघून ठरत नाही, म्हणून तर अदलाबदल.

काळ्याइतकाच पांढराफटक, फोड आलेला प्लगही मुलांना दाखवा, निदान चित्रात. काळा इंजिनाला खोकायला लावतो. पांढरा जास्त घातक, कारण आत इंधन कमी पडून उष्णता वाढल्याची ती खूण असते, आणि अशाने पिस्टन वितळू शकतो.

पालकांसाठी दोन शब्द. वर्गात फक्त जुने प्लग आणायचे, पेट्रोलचा थेंबही नको. इंजिनावरचं काम मालकासमोर, मोकळ्या हवेत, पंखा काढून आणि खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून. पाण्याशिवाय इंजिन मिनिटभरही चालवू नये, आतला रबरी इंपेलर जळतो. ठिणगी पाहताना प्लग इंजिनाच्या धातूला टेकलेला हवा आणि पकड रबरी मुठीची हवी. चालू इंजिनाची कॅप नुसती उपटून बघण्याची काही जणांची रीत आहे, ती मुलांना शिकवू नका. झटका तर बसतोच, शिवाय इग्निशनचा महागडा भाग जाऊ शकतो.

गृहपाठाला उलटं प्रकरण द्या: दोन्ही प्लग सारखेच काळे, इंजिन गेल्या महिन्यापर्यंत उत्तम, या महिन्यात टाकी घरातल्या धाकट्याने भरली. तपासायच्या पहिल्या तीन गोष्टी क्रमाने लिहा, आणि तोच क्रम का, तेही लिहा.